गोटीरामचे ब्रेक

गोटीराम भोयेला इंग्रजी येत नव्हतं. मराठीसुद्धा सहीपुरतीच यायची, आणि ती सही करताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. पण एक इंग्रजी शब्द त्याच्या वाट्याला इतक्या तऱ्हांनी आला, की पुढे पुढे तो शब्द कानावर पडला तरी त्याच्या मानेवरची शीर ताठ व्हायची. तो शब्द होता ब्रेक.

पहिल्यांदा त्याने तो सावळघाटात ऐकला. तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल. नाशिकहून पेठला जाणारी एसटी घाट उतरत होती, खालून करकर आवाज येत होता, बाया पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. बाप म्हणाला, "घाबरू नको. ब्रेक हाय तिला." गाडी वळणावर थांबल्यासारखी झाली आणि हळूच पुढे सरकली. ब्रेक ही माणसाला वाचवणारी चीज आहे, असं गोटीरामच्या डोक्यात तेव्हा बसलं. ते तसं बसायला नको होतं.

एक्क्याण्णव साली तो सातपूरच्या एका कारखान्यात टेम्पररी लागला. मोटारींच्या दाराच्या बिजागऱ्या, कड्या, पट्ट्या असले पत्र्याचे तुकडे तिथे पॉवर प्रेसवर निघायचे. डाव्या हाताने पत्रा डायच्या साच्याखाली सरकवायचा, हात मागे घ्यायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून ठोका. मिनिटाला अठरा ठोके. गोटीराम महिन्याभरात बावीसवर गेला. डोंगरात भाताची लावणी केलेला माणूस; वाकून एकच काम दिवसभर करत राहायचं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. सकाळी दहाला घंटा व्हायची. लोक म्हणायचे, "चला, ब्रेक." दहा मिनिटं चहा. हा ब्रेक त्याला आवडला.

सात महिने झाले आणि सुपरवायझर बोरसे त्याच्या प्रेसपाशी आले. मालेगावकडचा उंच, पान खाणारा, 'आहे'ला 'शे' म्हणणारा माणूस. मनाने वाईट नव्हता. निदान स्वतःला तसं समजत नव्हता.

"भोये, उद्यापासून तुला ब्रेक."

"किती मिनिटांचा, साहेब?"

अख्खं शॉप, ते सगळं खातं, हसलं. पुढचा आठवडाभर हसत राहिलं, फक्त ते हसू ऐकायला गोटीराम तिथे नव्हता.

"अडीच-तीन महिन्यांचा," बोरसे म्हणाले. "घरी जा. मग ये, नवीन कार्ड काढू."

"माझं काय चुकलं, साहेब?"

"चुकलं असतं तर काढून टाकलं असतं ना बाबा. हा ब्रेक शे. सगळ्यांना देतात."

शेजारच्या प्रेसवरच्या म्हाताऱ्या कामगाराने गेटबाहेर त्याला नीट समजावलं. टेम्पररी माणसाचे दोनशे चाळीस दिवस भरले, की तो कायद्याने कारखान्याला चिकटतो. मग त्याला सहज उपटून टाकता येत नाही. म्हणून दिवस भरत आले, की मधे ब्रेक घालायचा. कार्ड फाडायचं, तीन महिन्यांनी नवीन करायचं, पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. "दोनशे चाळीस," म्हातारा म्हणाला, "तेवढं कर. मग राजा आहेस."

गोटीरामने घरी येऊन हा आकडा बायकोला सांगितला. कलाबाईला वीसच्या पुढे मोजता यायचं नाही, पण वीसचे ढीग करता यायचे. तिने वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा घेतला. गोटीराम कामावर गेला, की संध्याकाळी त्यात एक चिंचोका टाकायचा. वीसचे बारा ढीग झाले, की आपला माणूस परमनंट. श्रमिकनगरच्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत देवाच्या फळीखाली तो डबा असायचा. सातव्या महिन्यात तो चांगला जड व्हायचा, हलवला तर भरल्यासारखा वाजायचा. मग ब्रेक. कलाबाई चिंचोके ओतून द्यायची आणि पोरं त्यांनी खेळायची. एकशे त्र्याऐंशीच्या वर तो डबा कधी गेला नाही.

ब्रेकच्या महिन्यांत गोटीराम गिरणारे गावच्या मजूरबाजारात जाऊन उभा राहायचा. बागायतदार येऊन दंड चाचपायचे, द्राक्षाच्या बागेत घेऊन जायचे. शेजाऱ्यांच्या घरी टीव्ही आला होता. त्यातली बाई गोड हसून ब्रेक म्हणायची, साबणाची जाहिरात व्हायची, आणि ती परत यायची. दारातून बघणारी कलाबाई म्हणायची, "हिचा ब्रेक बघा. पाच मिंटांत माघारी. तुमचाच कसा लांबतो?"

"तिला दोनशे चाळीस भरायचे नसतील," गोटीराम म्हणायचा.

पंच्याण्णव साली कारखान्याकडे काम इतकं आलं, की तीन पाळ्या पुरेनात. गोटीरामचे सात महिने नेमके तेव्हाच संपत होते. बोरसेंनी त्याला स्टोअरच्या मागे बोलावलं.

"गोट्या, तुला भाऊ शे का रे?"

"हाय ना. धाकला. चिमाजी."

"शिकलाय?"

"सातवी. मला नाय घातलं शाळेत, त्याला घातलं."

"झालं तर मग. उद्यापासून तू चिमाजी."

बोरसे पानाचा तोबरा सांभाळत हसले. "अरे, गोटीराम भोयेला ब्रेक. चिमाजी लक्ष्मण भोये नवीन भरती. काम तूच करशील. तुझी चूल बंद नको पडायला म्हणून करतोय मी हे. कोणापाशी बोलू नको."

गोटीरामने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. पुढच्या सुट्टीत गावाहून घरच्या तांदळाचं गठुडं आणून त्यांच्या घरी पोचवलं. ते त्यांनी ठेवून घेतलं. इतर टेम्पररी त्याच्यावर जळायचे. ज्याला ब्रेकच नाही असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मग तसंच सुरू राहिलं. सात महिने गोटीराम, सात महिने चिमाजी. कार्डावर फोटो नसायचा, नुसतं नाव आणि नंबर. बाकी हात तेच, प्रेस तीच. कलाबाईने दुसरा डबा आणला. एक गोटीरामचा, एक चिमाजीचा. संध्याकाळी तो दारात आला, की ती आतून विचारायची, "आज कोण आलं? दादला का दीर?"

"दीर," तो म्हणायचा.

"मग भायेरच बसा, भावजी. मालक घरात नाय."

दोघं हसायची. त्या हसण्यात काही वाईट होतं, असं तेव्हा दोघांनाही वाटलं नाही.

खऱ्या चिमाजीला त्याने हे होळीला गावी गेल्यावर सांगितलं, तेही गमतीत, सगळ्यांसमोर. "तू तिकडं नाशकात कंपनीत कामाला हायेस, म्हाईत हाय का?" चिमाजीही हसला होता. पण सत्त्याण्णव सालच्या चैत्रात तो एक दिवस अचानक सातपूरला आला, पिशवीत धुतलेला सदरा घेऊन. त्याला दोन मुली होत्या, तिसरं होणार होतं. नागलीवर आणि भातावर वर्ष निघत नव्हतं.

"दादा, मला पण लाव की तुझ्या कंपनीत. हेल्पर म्हणून लाव."

त्या महिन्यात चिमाजीचंच कार्ड चालू होतं. गेटवर दुसरा चिमाजी लक्ष्मण भोये उभा राहिला असता, तर दोघंही बाहेर गेले असते आणि बोरसेही गेले असते. हे गोटीरामने भावाला सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "सध्या भरती बंद हाय." त्याला गेटसमोरच्या टपरीवर चहा पाजला, पेठच्या गाडीत बसवून दिलं, आणि दुसऱ्या पाळीला चिमाजी म्हणून आत गेला. त्या दिवशी त्याचे ठोके मिनिटाला पंधरावर आले होते. बोरसेंनी विचारलं, "ताप शे का?"

दोन हजार सालच्या जानेवारीत युनियन आणि कंपनी यांच्यात करार झाला. टेम्पररींपैकी चौदा जण परमनंट होणार. एक जानेवारीला ज्याचं कार्ड चालू, आणि गेल्या पाच वर्षांत ज्याचे दिवस जास्त, तो आधी. यादी नोटीस बोर्डावर लागली. वाचता येणाऱ्याने नावं वाचली. अकरावं नाव होतं चिमाजी लक्ष्मण भोये.

लोकांनी गोटीरामला उचललं. कोणीतरी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. त्याला हसू की रडू ते कळेना. संध्याकाळी त्याने कलाबाईला सांगितलं तेव्हा ती आधी फळीपुढे हात जोडून उभी राहिली. मग वळून म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही कायमचे भावजी?"

"नाव काय धुवून प्यायचंय?"

"पोरांच्या शाळेत बापाचं नाव गोटीराम हाय. रेशन कार्डावर गोटीराम हाय. उद्या तुम्ही मेलात तर मी कोणाची रांड?"

"आता बरं बोल जरा."

"बरंच बोलतेय," ती म्हणाली आणि चिमाजीच्या डब्यात चिंचोका टाकला. थोड्या वेळाने मात्र तिनेच ठरवून टाकलं. "व्हा चिमाजी. मी सांगीन लोकांना, लाडाचं नाव हाय."

पर्सोनेल ऑफिसात नवा साहेब आला होता. अश्विन त्याचं नाव. वय कोवळं, टाय लावलेला. त्याला शॉपमधली तोंडं माहीत नव्हती. तो कागद बघायचा. परमनंट व्हायचं तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला, जन्मतारीख आणि डॉक्टरची तपासणी. मुदत पंधरा दिवस.

गोटीराम बोरसेंकडे गेला. "साहेब, दाखला चिमाजीचा आणू, का माझं खरं नाव सांगून टाकू? तुम्ही साक्ष द्या ना. पाच वर्षं मीच तर..."

बोरसेंनी आधी दार लोटलं. "वेडा शे का तू? खोट्या नावाने पाच वर्षं काम केलं म्हणून सांगशील? चारशे वीस लागेल. कोणावर? माझ्यावर नाही. चिमाजीची सही तुला येत नव्हती, कार्डावर अंगठा तुझा शे." मग आवाज मऊ करून म्हणाले, "जा, भावाकडून दाखला घेऊन ये. नावात काय ठेवलंय. मशीनला काय कळतंय नाव?"

गोटीराम दुसऱ्या दिवशी गावी गेला. दुपारचं ऊन अंगणात पडलं होतं. चिमाजीच्या दारात बोचकी बांधून ठेवली होती; भात केव्हाच संपलं होतं, द्राक्षबागांची जीप संध्याकाळी येणार होती. त्याची बायको तव्यावरच्या नागलीच्या भाकरी फडक्यात बांधत होती. तिन्ही मुली बोचक्यांवर बसलेल्या.

गोटीरामने सगळं सांगितलं. यादी, करार, दाखला. चिमाजी उकिडवा बसून ऐकत होता. मग आत गेला, कोनाड्यातला पत्र्याचा डबा काढून त्यातून प्लास्टिकच्या पिशवीतला दाखला आणला, मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"म्हणजे चिमाजी भोये परमनंट झाला," तो म्हणाला.

"व्हय."

"मग मी येतो उद्या."

गोटीरामला आधी ते थट्टेतच वाटलं. "तू येऊन काय करणार? दाखला दे नुसता."

"दाखला माझा, नाव माझं, जन्मतारीख माझी. नुसता हात तुझा, दादा. हात मलाबी दोन हायेत."

"पाच वर्षं काम मी केलंय, चिम्या! नऊ-नऊ हजार ठोके रोज..."

"केलंस. पण माझ्या नावानं करताना मला इचारलंस?"

गोटीरामने दाखल्यावरच्या त्या हाताकडे बघितलं.

"मी आलो होतो," चिमाजी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "धुतलेला सदरा घेऊन आलो होतो. तू चहा पाजलास आन् भरती बंद हाय म्हणालास. मी रस्ताभर म्हणत होतो, दादाचा इलाज नसंल. होळीची ती गंमत मला लय उशिरा कळली बघ. जागा हुती. माझीच हुती. तिच्यावर तू बसला हुतास."

बायको भाकरी बांधायची थांबली होती. थोरली मुलगी काकाकडे बघत होती. गोटीरामला तिच्याकडे बघवेना. भावाच्या हातातून दाखला हिसकावून घेता आला असता. गोटीराम अजून भावापेक्षा अंगाने जड होता. त्याने हात पुढेही केला. पण त्या हाताला पत्रा सरकवून तो मागे घ्यायची सवय लागली होती. तो मागे आला.

"तुझं नाव यादीत हाय का?" चिमाजीने शेवटी विचारलं.

"नाय. गोटीरामला ब्रेक हाय सध्या."

पुढचं सगळं नीट झालं. इतकं नीट, की बोरसेंच्याही जिवात जीव आला. दाखल्यावरचा माणूस स्वतः चालत आला, वय जुळलं, छाती भरली, डोळे चांगले निघाले. शॉपमधल्या लोकांना सगळं माहीत होतं आणि कोणी बोललं नाही. बोलायचं म्हणजे त्यांची स्वतःचीही जुनी कार्डं निघाली असती. एव्हाना गोटीराम काही एकटाच भावाच्या नावावर जगत नव्हता. फक्त पहिल्या दिवशी कोणीतरी ओरडलं, "आला रे आला, ओरिजनल आला!" आणि हशा झाला.

प्रेस कशी चालवायची, हे चिमाजीला गोटीरामने शिकवावं, असं बोरसेंनी ठरवलं. त्यासाठी त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने सात महिन्यांचं कार्ड दिलं. "बघ, तुझंही सोडलं नाही मी," ते म्हणाले. गोटीराम भावाच्या मागे उभा राहायचा. हात आधी मागे, मग पाय. आधी हात, मग पाय. चिमाजीला घाई व्हायची. प्रेसचा ब्रेक थोडा ढिला होता, कधी कधी ठोका पडून गेला तरी वरचा भाग जागेवर न थांबता पुन्हा खाली यायला बघायचा. हे गोटीरामच्या अंगात मुरलेलं होतं, पण शब्दांत सांगता येत नव्हतं. एकदा चिमाजीचा हात आतच होता आणि वरचा भाग हलला. गोटीरामने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. दोघं जमिनीवर पडले. पत्रा चेचला गेला.

पडल्या पडल्या गोटीरामला एक गोष्ट समजली, आणि ती त्याने आयुष्यात कोणालाच सांगितली नाही. ओढायच्या आधी तो क्षणभर थांबला होता.

त्याच आठवड्यात अश्विन साहेब शॉपमध्ये फेरी मारायला आला. दोन भोये एका प्रेसपाशी बघून त्याने चौकशी केली. बोरसे म्हणाले, भाऊ-भाऊ आहेत. साहेबाने गोटीरामच्या खांद्यावर हात ठेवला. मनापासून ठेवला.

"छान. तुमच्या भावाला चांगला ब्रेक मिळाला, नाही का?"

"हो, साहेब," गोटीराम म्हणाला. त्याला हा ब्रेक माहीत नव्हता. संध्याकाळी त्याने एका शिकलेल्या पोराला विचारलं. संधी मिळणं, पोरगा म्हणाला; नट-बिट होतात ना, त्यांना मिळतो तसा. गोटीरामने मान हलवली. इतकी वर्षं तो शब्द सोबत होता आणि त्याच्या पोटात हेही होतं, हे त्याला शब्दाने कधी सांगितलं नाही. दुसऱ्याला द्यायचं म्हणून राखून ठेवलं होतं जसं काही.

सात महिने भरले. गोटीरामला ब्रेक मिळाला. नव्वद दिवसांनी तो गेटवर गेला. बोरसे म्हणाले, थोडं थांब. पुन्हा गेला, तेव्हा बोरसे रिटायर झाले होते. वॉचमन म्हणाला, टेम्पररी भरायचंच बंद झालं. तीन वर्षं तो गिरणाऱ्याच्या बाजारात उभा राहिला. पण आता दंड चाचपणारे तरुण पोरं बघायचे.

चिमाजी श्रमिकनगरातच दोन गल्ल्या पलीकडे पक्क्या खोलीत राहायला आला. मुली शाळेत जाऊ लागल्या. सणाला तो भावाच्या घरी यायचा, कलाबाईसाठी काही ना काही आणायचा, खाली मान घालून जेवायचा. दिवाळीला कंपनीकडून मिळालेल्या दोन निळ्या गणवेशांपैकी एक त्याने गोटीरामला दिला. खिशावर पांढऱ्या दोऱ्याने नाव विणलेलं होतं. कलाबाई सुई घेऊन ते उसवायला बसली.

"राहू दे," गोटीराम म्हणाला. "सवय हाय."

दोन हजार चार साली त्याच कारखान्यात पुन्हा काम निघालं, पण आता ते ठेकेदाराकडून होतं. प्रेसवरून पडलेलं पत्र्याचं भंगार उचलून मागच्या अंगणात न्यायचं. सकाळी आठला मागच्या फाटकापाशी ठेकेदाराचा मुकादम भिकन उभा असायचा. गोटीराम पहिल्या दिवशी भावाचा निळा शर्ट घालून गेला. भिकनने सगळ्यांवरून बोट फिरवलं.

"अकरा. चला आत."

"नाव लिहून घ्या की," गोटीराम म्हणाला.

"कशाला? अकरा पाहिजे होते, अकरा आहेत."

"कार्ड कधी मिळंल?"

"कसलं कार्ड, बाबा?"

गोटीराम बाजूला झाला नाही. "मग ब्रेक कधी असतो?"

भिकन तरुण होता. त्याने तो शब्द चहापुरताच ऐकला असावा. "दहाला चहा."

"तो नव्हं. मोठा. सात महिन्यांनी येतो तो."

"असलं काही नसतं आपल्यात. रोज यायचं. आजारी पडला तर नाही यायचं. कोणी तुला थांबव म्हणणार नाही." बाकीचे दहा जण खूश झाले. एक जण म्हणालाही, "देव पावला."

गोटीराम मात्र दिवसभर भंगाराच्या खेपा मोजत होता. काचेपलीकडे चिमाजी प्रेसवर होता, आता त्याचाही हात बसला होता. गोटीरामला आठवत होतं, की कारखाना त्याचे दिवस मोजायचा. चोरून का होईना, पण मोजायचा. एकशे ऐंशी झाले की वर कोणीतरी दचकायचं, कागद हलवायचं, या माणसाला थांबवा म्हणायचं. कोणीतरी त्याला भीत होतं.

घरी आल्यावर त्याने कलाबाईला सांगितलं, की या कामात ब्रेक नाही. तिचा चेहरा उजळला. "म्हणजे भरतील की आता!" ती म्हणाली. त्याने काही समजावलं नाही. तिने फळीखालून जुना डबा काढला, फुंकून धूळ झटकली, पहिला चिंचोका टाकला. रिकाम्या डब्यात तो मोठ्याने वाजला.

रोज एक. पोरं मोठी झाली होती, ती आईला हसायची. डबा भरत गेला. एकशे त्र्याऐंशी झाले, तेव्हा ती जरा थांबली, दाराकडे बघितलं, मग पुढचा टाकला.

एका संध्याकाळी तिने सगळे चिंचोके जमिनीवर ओतले आणि वीस-वीसचे ढीग लावले. बारा ढीग झाले. ती त्यांच्याभोवती बसून राहिली, जेवण वाढायचं विसरली. गोटीराम हातपाय धुऊन आला.

"झाले," ती म्हणाली. "दोनशे चाळीस. आज झाले."

गोटीरामने ढिगांकडे बघितलं. मग ते मोडू नयेत म्हणून भिंतीच्या कडेने वळसा घालून गेला आणि स्वतःच ताट घेऊन बसला.

"आता काय होतं?" तिने विचारलं.

"भाकर दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो फाटकावर होता. भिकनने बोट फिरवून मोजलं. अकरा.